वजा चाळीस

यार्डात मला सगळे 'वजा चाळीस' म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की वजा चाळीस. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट आतून बरंच वाटायचं. जहाजाच्या पोलादाचे नमुने तोडून बघणं हे माझं काम, आणि आमच्याकडची सगळ्यात कडक परीक्षा शून्याखाली चाळीस अंशांवर होते. तिथे वशिला चालत नाही. माझ्याकडेही चालत नाही हे लोकांना कळून चुकलं होतं, म्हणून ते नाव. घरातसुद्धा माझ्याशी खोटं बोलायची कुणाची टाप नव्हती. निदान तसा माझा समज होता.

पोलादाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं, महाग प्लेट म्हणजे जास्त ताकदीची. तसं नसतं. आमच्याकडे डी आणि ई अशा दोन ग्रेडच्या प्लेटा यायच्या. दोन्हींची ताकद सारखी. ओढून बघा, वाकवून बघा, वजन करा, काडीचा फरक सापडणार नाही. फरक कळतो तो थंडीत. डी वजा वीसपर्यंत तग धरते. त्याच्या खाली तिच्यावर घाव बसला तर ती वाकायचं नाव घेत नाही, काचेसारखी तडकते. ई वजा चाळीसलाही दम सोडत नाही. बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या डेकच्या कडेला एक पट्टा असतो, सगळा ताण तिथे येतो, म्हणून तिथे ई लागते. तिथे चुकून डी बसली तरी जहाज थाटात पाण्यात उतरेल, पाच-दहा वर्षं मजेत फिरेल, कुणाला पत्ताही लागणार नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी जहाजावरची माणसं सांगायला उरायची नाहीत. मला माझ्या कामाचा गर्व होता तो एवढ्यासाठी.

आमच्या घरातली तीन माणसं याच यार्डात होती. मी टेस्टिंगला, नवरा शिक्क्यावर, आणि भावजी, म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ, प्लेटांच्या गोदामाचा फोरमन. कुठली प्लेट कुठे ठेवायची आणि कुठली कापायला द्यायची, हे भावजी बघत. ईच्या कडेला लाल रंग, डीच्या कडेला पिवळा. रंग उडाला की भावजी स्वतः डबा-ब्रश घेऊन जायचे. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर कायम एक लाल नाहीतर पिवळा फराटा असायचा आणि माझी जाऊ त्यावरून कायम कावलेली असायची.

नवऱ्याचं काम वेगळं. मोठी प्लेट कापली की नंबर मोठ्या भागावर राहतो आणि उरलेला तुकडा बेवारशी होतो. तसं होऊ नये म्हणून तुकडा जागचा हलवण्याआधी त्याच्यावर नंबर आणि ग्रेड ठोकायची आणि शेजारी नवऱ्याने आपल्या हातोडीचा छाप मारायचा. तो छाप म्हणजे त्याची सही. हातोडी कुलपात, चावी त्याच्याकडे. ती दुसऱ्याच्या हातात दिली तर नोकरी गेली, हे सगळ्यांना पाठ होतं. आणखी एक रीत होती, ती कुठे लिहिलेली नव्हती पण कुणी मोडतही नसे. शिक्क्याची अक्षरं नेहमी लाटणीच्या दिशेने, म्हणजे कारखान्यात प्लेट ज्या दिशेने लाटली गेली त्या दिशेने ठोकायची. आम्ही लॅबमध्ये अक्षरं सरळ वाचायचो आणि त्याच दिशेने नमुने कापायचो. बावीस वर्षांत नवऱ्याची एक ओळ कधी वाकडी गेली नव्हती. आमच्या संसारात एवढी सरळ गोष्ट दुसरी नसेल, असं मी चेष्टेने म्हणायचे.

पाच वर्षांपूर्वी जहाजाच्या मालकाचा तपासनीस गोदामात हिंडत होता. डीच्या ढिगात, एका पिवळ्या प्लेटेखाली त्याला एक तुकडा दिसला. त्याच्यावर शिक्का ईचा आणि कडेला रंग पिवळा. मूळ प्लेटेचा मोठा भाग डेकच्या त्या पट्ट्यात जोडून झालेला होता. झालं. तपासनीस हादरला. फोरमनने डीची प्लेट ई म्हणून दिली, असा संशय सरळ भावजींवर आला. तुकडा ई निघाला तर सगळं ठीक. डी निघाला तर जहाजाचा पट्टा कापून काढायचा आणि भावजींना घरी पाठवायचं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "दीर आहे ना तुमचा? आपण तुकडा बाहेरच्या लॅबला पाठवू. उगाच तुमच्या डोक्याला ताप नको."

"मशीनला नातं कळत नाही, साहेब," मी म्हणाले. "आणि कामावर असताना मलाही कळत नाही."

हे वाक्य यार्डभर झालं. मला ते आवडलंही. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्याच संध्याकाळी भावजी घरी आले. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. नवरा जमिनीवर बसून खुर्चीचा डुगडुगणारा पाय स्क्रूड्रायव्हरने पिळत होता. भावजी दारातच उभे राहिले.

"वहिनी, जरा बोलायचं होतं. तो शिक्का आहे ना, त्या तुकड्यावरचा..."

"भावजी, टेस्ट होईपर्यंत त्या तुकड्याबद्दल या घरात एक अक्षर नको."

"अहो, ऐकून तरी घ्या. दोन मिनिटांचं काम."

"ऐकलं तर ते मला उद्या साहेबांना सांगावं लागेल. आणि मी सांगेन. मग म्हणू नका वहिनीने घात केला."

भावजींनी आपल्या दादाकडे बघितलं. दादाने मान वर केली नाही. त्या पायाचा स्क्रू केव्हाच घट्ट झाला होता, तरी तो पिळतच होता. चहा टाकते म्हणाले, तर भावजी नको म्हणाले आणि गेले. मी राहिलेल्या घड्या घातल्या. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. नात्यापेक्षा काम मोठं मानणारी बाई यार्डात दुसरी कोण आहे, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं.

टेस्ट दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. साहेब, तपासनीस आणि मी. खात्रीच्या डीचे तीन नमुने, खात्रीच्या ईचे तीन आणि वादातल्या तुकड्याचे तीन. प्रत्येक नमुना बोटाएवढा, मधोमध एक खाच. अल्कोहोलमध्ये कोरडा बर्फ घालून वजा चाळीस गाठायचं, नमुने त्यात बुडवून ठेवायचे, मग चिमट्याने एकेक उचलायचा, मशीनवर खाच बरोबर मध्ये धरून ठेवायचा आणि लंबक सोडायचा. उचलल्यापासून पाच सेकंदांत तुटलाच पाहिजे, नाहीतर तो गरम होतो आणि आकडा फसवा येतो. माझे हात चार सेकंद घेतात. नमुना तोडायला लंबकाचा किती जोर खर्च झाला ते काटा दाखवतो. तो जोर ज्यूलमध्ये मोजतात आणि सरासरी चौतीसच्या वर यावी लागते.

ई आधी घेतली. अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याण्णव, एक्याऐंशी. मग डी. बावीस, एकोणीस, पंचवीस. मग भावजींचा तुकडा. पहिला एकतीस. माझा चिमटा हलला नाही. दुसरा अठ्ठावीस. तिसरा तीस. सरासरी तीसच्याही किंचित खाली. तपासनीसाने वही मिटली. मी रिपोर्टवर 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली. अक्षर छान आलं होतं.

चौकशीला भावजींना पहिला प्रश्न शिक्क्याचा विचारला. डीच्या तुकड्यावर ईचा शिक्का आणि नवऱ्याचा छाप, म्हणजे नवराही गोत्यात. भावजी म्हणाले, "छाप मी मारलाय. दादाच्या खिशातून चावी काढली आणि हातोडी घेतली. त्याला माहीत नव्हतं." का घेतली, विचारलं तर म्हणाले, घाई होती. एवढंच. सगळं स्वतःवर घेऊन ते पंधरा मिनिटांत बाहेर आले. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. जहाजाचा पट्टा कापून काढला, नवी प्लेट बसवली, दीड महिना गेला. मला निःपक्षपातीपणाबद्दल कंपनीचं पत्र मिळालं. नवऱ्याने ते फ्रेम करून आणलं आणि बाहेरच्या खोलीत स्वतः खिळा ठोकून लावलं.

जावेने माझ्याशी बोलणं टाकलं, ते मी समजू शकत होते. भावजींचं मात्र वेगळंच झालं. ते कुणावर चिडले नाहीत. त्यांनी डोळे तपासून घेतले. "मला ती प्लेट लाल दिसली होती," म्हणायचे. "शपथेवर सांगतो, लाल होती. पण मशीन कशाला खोटं बोलेल? माझ्याच डोळ्यांत काहीतरी खोट असणार." डॉक्टर म्हणाला, नंबर नावालाच आहे. तरी यांनी हट्टाने चष्मा घेतला आणि उठल्यापासून झोपेपर्यंत तो डोळ्यांवर ठेवायला लागले. शहराबाहेरच्या एका वजनकाट्यावर त्यांना काम मिळालं. ट्रक काट्यावर घ्यायचा, आकडा वाचायचा, पावती फाडायची. नवरा दर महिन्याच्या एका रविवारी त्यांच्याकडे जायचा. मला बरं वाटायचं, भावाला टाकलं नाही म्हणून.

तोडलेले नमुने आम्ही पाच वर्षं ठेवतो, मग भंगारात. गेल्या महिन्यात मी जुनं कपाट रिकामं करायला काढलं. लॅबमध्ये नवं पॉलिशिंग मशीन आलं होतं, ते लावून बघायला कुठलाही टाकाऊ तुकडा हवा होता. हाताला लागली ती नेमकी ती पेटी. मी वादातल्या नमुन्याचा अर्धा तुकडा घेतला, त्याची लांब बाजू आरशासारखी केली आणि सहज म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

पोलादात थोडा मळ राहतोच. लाटताना त्याचे कण लाटणीच्या दिशेने ताणले जातात, लांब धाग्यांसारखे. नमुना लाटणीच्या दिशेने कापलेला असेल तर लांब बाजूवर ते धागे दिसायला हवेत. मला दिसले नुसते ठिपके. मी भिंग बदललं. ठिपकेच. मग तुकड्याचं टोक पॉलिश केलं. धागे तिथे होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मी आडवा नमुना तोडला होता. लाकूड रेषेच्या दिशेने चटकन फाटतं, तसंच हे. आडवा नमुना त्या धाग्यांच्या दिशेनेच तडकतो आणि लवकर तुटतो. म्हणून नियमात आडव्याला सूट आहे. त्याला चौतीस लागत नाहीत, चोवीस पुरतात. माझी सरासरी जवळजवळ तीस होती. प्लेट पास होती. ईच होती. चांगल्या जहाजातून आम्ही चांगली प्लेट कापून काढली होती, आणि चांगल्या माणसाला घालवलं होतं. अक्षरं आडवी ठोकलेली होती आणि मी ती सरळ वाचली होती. बावीस वर्षांत न घडलेली गोष्ट त्या एका तुकड्यावर घडली होती, कारण तो शिक्का भावजींनी मारला होता. आणि हे ते मला सांगायला आले होते.

मी दुरुस्त रिपोर्ट लिहिला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. नवे साहेब आहेत. म्हणाले, "जहाज पाण्यात आहे, प्लेट भंगारात गेली, माणूसही गेला. आता हे उकरून काय मिळणार?" मी म्हणाले, पोच द्या. त्यांनी पोच दिली.

दुपारीच घरी आले. नवरा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आहे, हार घालून, भाषणं होऊन. पेपर वाचत बसला होता. मी तो तुकडा पेपरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो दचकेल, कपाळावर हात मारेल असं मला वाटत होतं. त्याने फक्त चष्मा काढून पुसला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग बोलला. त्या दिवशी कुणाची तरी जुनी स्कूटर विकायची होती, ती बघायला तो दुपारी यार्डातून सटकला होता. चावी भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, तेवढा तुकडा मारून घे. भावजी मोकळे होईपर्यंत क्रेनवाल्याने तुकडा ढिगात टाकला होता आणि वर ताजा पिवळा रंग दिलेली डीची प्लेट ठेवली होती. वीतभर टोक बाहेर होतं. भावजींनी उकिडवं बसून त्या टोकावर जमेल तसा शिक्का ठोकला. आडवा. पिवळा डागही तिथलाच.

"त्याच संध्याकाळी त्याने मला सांगितलं, दादा, शिक्का आडवा पडलाय," नवरा म्हणाला. "त्याला वाटलं, नुसतं दिसायला वाईट."

"आणि तुम्हाला त्याचा अर्थ कळत होता."

"कळत होता. पण तुला सांगितलं असतं तर पहिला प्रश्न तू काय विचारला असतास? आडवा कुणी मारला? तुम्ही कुठे होतात? आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं असतंस. सांगितलं नसतंस?"

सांगितलं असतं.

"मला वाटलं, प्लेट चांगली आहे, आडवीसुद्धा चौतीस काढेल. कोणी बघायला येत नाही. मग ते आकडे आले. मग कसा बोलणार? त्याने तर आधीच सगळं अंगावर घेतलं होतं."

"ती स्कूटर?"

"घेतली नाही. क्लच खराब होता."

मी भिंतीवरची फ्रेम काढली. खिळा तिथेच राहिला. त्यानंतर आम्ही एका घरात आहोत, जेवतो, दिवे लावतो, घालवतो. बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वजनकाट्यावर गेले. पत्र्याची लहान केबिन, एक खिडकी, आकड्यांची पाटी, पंखा. भावजी मला बघून ताडकन उठले. "वहिनी? तुम्ही? दादा बरा आहे ना?"

"बरे आहेत. बसा तुम्ही." तुकडा टेबलावर ठेवला आणि मी उभ्यानेच सांगून टाकलं. "भावजी, ती प्लेट ई होती. तुम्ही बरोबर दिली होतीत. नमुना मी आडवा कापला. चूक माझी आहे. कंपनीला लिहून दिलंय."

त्यांनी तुकडा उचलला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तुकडा डोळ्यांजवळ नेला, जणू त्यांना ते धागे दिसणार होते.

"म्हणजे लाल होती."

"लाल होती."

भावजी हसले. पाच वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "अहो, मी हिला रोज सांगायचो, लाल होती गं. शेवटी तीच म्हणाली, आता पुरे करा. आज घरी जाऊन पहिलं तिला सांगतो." त्यांनी तुकडा या हातातून त्या हातात घेतला. "एवढ्याशा आडव्या शिक्क्याने एवढं होतं, मला काय माहीत! मी दादाला म्हटलं होतं त्याच दिवशी, की आडवा पडलाय, वहिनीला सांगू का? तो म्हणाला, तूच सांग..."

ते थांबले. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे बदलले.

"वहिनी, दादाला हे ठाऊक असणार ना? लाटणीचं? तो तर बावीस वर्षं शिक्क्यावर होता."

बाहेर एक ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. 'नाही' म्हणायला मला एक क्षण पुरेसा होता. उभ्या आयुष्यात मी खोटा आकडा लिहिला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "त्यांना माहीत होतं."

भावजी खाली बसले. ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.

"मागच्या रविवारी आला होता," ते हळूच म्हणाले. "चष्म्याची काडी सैल झाली होती. त्याने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि नीट पिळून दिली. म्हणाला, जपून वापर, डोळ्यांचं काम आहे."

मी म्हणाले, "भावजी, मी तेव्हा तुमचं ऐकायला हवं होतं."

"हो. तेव्हा ऐकायला हवं होतंत." त्यांनी तुकडा माझ्या हातात परत दिला. "आणि आज 'नाही' म्हणायला हवं होतंत. मी मुद्दाम विचारलं तुम्हाला. वाटलं, एवढं तरी कराल."

मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून ट्रकला काट्यावर यायची खूण केली. पाटीवर आकडा आला. त्यांनी तो वाचला, पावतीवर लिहिला आणि पावती फाडून ड्रायव्हरला दिली. चष्मा टेबलावरच पडला होता.